नारिंगी उजेडातली सोयरीक

मी माशांची टाकी बोलतेय. अंगाने चौकोनी, स्वभावाने बोलकी. माझ्या पोटात काही लपून राहत नाही, तेव्हा जे सांगेन ते खरंच सांगेन.

एका काचवाल्याने मला घडवलं. पाच काचा चिकटवल्या, पाणी भरलं, दोन दिवसांनी खालून बोट फिरवून बघितलं. बोट कोरडं निघालं. "चालेल," एवढंच म्हणाला. तेवढ्या कौतुकावर मी दाताच्या दवाखान्यात नांदायला गेले. गालाला हात लावून बसलेले लोक माझ्याकडे बघत बसायचे. पुढे भिंतीवर टीव्ही आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून मला एका टेलरबाबांनी उचललं, ते कातरणं ठेवायला. जिथे मासे पोहले तिथे चिंध्या आल्या. चालायचंच. निदान रंगीत होत्या.

बाबांनी दुकान आवरलं तेव्हा मीही त्यांच्याबरोबर घरी आले. त्यांची लेक मत्स्यकेंद्रात कामाला आहे. तिने मला घासूनपुसून बाबांच्या खुर्चीसमोर मांडलं, वर पांढरा दिवा लावला आणि लांबच्या एका मोठ्या तळ्यातले मासे माझ्यात सोडले. बाबांना बोलायला कोणीतरी मिळालं आणि मलाही.

दोन जातींचे मासे होते. एकीचे नर लालभडक, दुसरीचे निळेशार. माद्या मात्र दोन्हीकडच्या सारख्याच, मातकट. मी इतक्या जवळून बघूनही माझा गोंधळ व्हायचा. त्यांचा कधीच होत नसे. लाल जातीची मादी लाल नराकडे जायची, निळ्या जातीची निळ्याकडे. निळे नर लाल घरच्या मादीसमोर कितीही मिरवले, तरी ती ढुंकूनही बघत नसे.

"मध्ये जाळी का नाही घातलीस?" बाबांनी एकदा विचारलं.

"लागत नाही, बाबा. फार पूर्वी त्या तळ्यात या दोघांची मिळून एकच जात होती. काही मासे वर राहिले, काही खोल पाण्यात. वर निळसर उजेड, खाली तांबूस. ज्याचे त्याचे डोळे तिथल्या उजेडाला सरावले. मग वरच्या माद्यांना निळे नर उठून दिसायला लागले, खालच्यांना लाल. ज्याच्या त्याच्यात सोयरीक होत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी एकाच्या दोन जाती झाल्या."

"आणि चुकून जमलंच तर?"

"पिल्लं होतात, चांगली जगतातही. म्हणून तर जपायचं. निवड थांबली की थोड्या पिढ्यांत दोन्ही जाती मिसळून जातील. त्या तळ्यात आता तेच होतंय. पाणी इतकं गढूळ झालंय की लाल-निळं काही कळत नाही."

आमच्याकडे लाल जातीची एकच मादी उरली होती, तीही वयस्कर. तिला पिल्लं झाली की ती पिल्लं, जात टिकवायला, शहरातल्या मोठ्या मत्स्यकेंद्रात जायची होती. नाहीतर आमच्याकडची लाल जात तिच्याबरोबरच संपणार होती. लेक रोज कामावर जाताना तिला बघून जायची.

मग लेक प्रशिक्षणाला परगावी गेली आणि नेमकं त्याआधी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. माझा पांढरा दिवा त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. दिवा बंद करावा तर माशांना अंधार. खुर्ची हलवावी तर गप्पा कोणाशी मारणार? बाबांनी शिंपीकामाला साजेसा उपाय काढला. नारिंगी जिलेटीन कागद मापात कापला आणि दिव्यावर असा चापूनचोपून बसवला की कुठे सुरकुती नाही.

माझ्या पोटात सगळं नारिंगी झालं. निळा नर निळा दिसेना, लालचा लालपणाही त्या नारिंगीत बुडाला. म्हातारी मादी बिचारी इकडून तिकडे फिरली आणि शेवटी निळ्याच्या घरी गेली. मी काचेची, ओरडणार कशी? या माशांच्या आया अंडी तोंडात धरतात आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत घास घेत नाहीत. म्हणजे तीही मूग गिळून गप्प.

लेक परत आली. मादीचं फुगलेलं तोंड बघून तिचा चेहरा खुलला. मग तिची नजर वर गेली.

"हा कागद कधी लावला, बाबा?"

"तू गेलीस त्याच दिवशी. का गं?"

तिने समजावून सांगितलं. बाबांनी कागदाची कड नखाने सोडवली. मग म्हणाले, "जन्मभर गिऱ्हाइकाचं कापड दाराशी, उजेडात नेऊन धाग्याचा रंग जुळवला. पिवळ्या दिव्याखाली कधी जुळवला नाही. आणि घरात हे केलं."

"जाळी लागत नाही असं तुम्हाला मीच सांगितलं होतं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला दोघांचंही वाईट वाटलं.

पिल्लं मोठी झाली. त्यातले नर ना लाल ना निळे, पावसाळ्यातल्या डबक्यासारखे. लेकीने त्यांना गच्चीतल्या टबात ठेवलं. बाबा त्यांना आधी खाऊ घालतात, कारण दोष त्यांचा नाही. माझ्यात मात्र आता मधोमध काच बसली, एकीकडे निळे, दुसरीकडे लाल नर आणि म्हातारी; दिवा पुन्हा पांढरा झाला आणि बाबांनी काळा गॉगल आणला. भर दुपारी, घरात, बनियनवर गॉगल. शेजारचे काका म्हणाले, "कुठल्या सिनेमाचं शूटिंग?" बाबा म्हणाले, "लग्न ठरायचंय, तुम्ही हळू बोला."

दिवस गेले. मादी जागची हलेना. लेकीने आशा सोडल्यासारखं केलं. मी नाही सोडली आणि बाबांनीही नाही. मग एका दुपारी लाल नर अंग थरथरवत तिच्यासमोर नाचला आणि म्हातारी हळूच त्याच्यामागे गेली. बाबांनी लेकीला फोन लावला आणि मासे दचकू नयेत म्हणून इतकं कुजबुजले की तिला तिकडे काहीच ऐकू गेलं नाही. ती घाबरून रिक्षाने घरी आली. मादीचं तोंड फुगलेलं होतं. बापलेक माझ्यासमोर जमिनीवर बसून हसत राहिले.

यावेळच्या नरांच्या शेपटीवर लाली उतरली तेव्हा मोठ्या केंद्रातून एक साहेब पिशव्या घेऊन आले. लेक पिल्लं भरायला लागली. बाबा पिशवीवर हात ठेवून उभे राहिले.

"तुमच्याकडे दिवा कुठला असतो?"

"पांढरा, आजोबा."

"कोणाच्या डोळ्यांना त्रास नाही ना तिकडे?"

"नाही."

"आणि पाणी?"

"काचेसारखं."

"मग न्या," बाबा म्हणाले आणि हात काढून घेतला.

म्हातारी अजून माझ्यात आहे, पोटभर खाते. मी तिच्या वतीने एवढंच मागते: तुमच्या गावाला तळं असेल तर त्याचं पाणी गढूळ होऊ देऊ नका. ज्याची त्याची निवड मासे करतील. त्यांना एकमेकांना बघू तरी द्या.