रिकाम्या पिशवीतलं भाकीत

सकाळचे सात वाजले होते. आमच्या सुपरमार्केटचं शटर अर्धंच वर गेलं होतं आणि बाहेर दोनशे माणसं उभी होती. पण एकाचंही तोंड दुकानाकडे नव्हतं. सगळे आमच्याकडे पाठ करून समोरच्या छत्रीदुरुस्तीच्या टपरीकडे बघत होते. टपरीपुढे स्टुलावर एक माणूस डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक रिकामी कापडी पिशवी होती.

"शांतता!" कुणीतरी ओरडलं.

त्या माणसानं पिशवीचं तोंड उघडलं आणि आत डोकं घातलं, थेट कानापर्यंत. आतून घुमल्यासारखा आवाज आला, "भरल्या पिशवीत आज दिसतो, रिकाम्या पिशवीत उद्या दिसतो... काहीतरी पांढरं आहे... दाणेदार आहे... जिभेला झोंबतंय..."

"मीठ!" गर्दीतून दहा आवाज उठले.

त्यानं डोकं बाहेर काढलं. केस विस्कटले होते, चेहरा मात्र फार थकल्यासारखा. "नाव तुम्ही घेतलंत, मी नाही," तो म्हणाला. "पण पिशवी खोटं बोलत नाही. उद्याचा सूर्य मीठ बघणार नाही."

गर्दी एकदम आमच्याकडे वळली. साडेदहापर्यंत मिठाची फळी कुणी ओल्या फडक्यानं पुसून ठेवावी तशी मोकळी झाली. आणि दारात लोक एकमेकांना टाळ्या देत होते, "बघितलंत? उद्या म्हणाला होता, आजच खरं झालं!"

मी त्या दुकानात तीन नंबरच्या काउंटरवर बसते. साथ सुरू होऊन दीड महिना झाला होता. रोज कुणा ना कुणाच्या घरातलं माणूस तापानं फणफणून वॉर्डात जायचं. शाळेची इमारत रिकामी करून तिथं खाटा टाकल्या होत्या आणि आत गेलेल्याला खिडकीतूनसुद्धा बघता येत नव्हतं. माणसं घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला उद्याबद्दल छातीठोकपणे बोलणारा कुणीतरी हवाच असतो. तो आम्हाला पंचवीस वर्षं छत्र्यांच्या काड्या सरळ करणाऱ्या माणसात सापडला. आधी साबण संपेल म्हणाला, संपला. मग पीठ म्हणाला, तेही संपलं. तिसऱ्या दिवशी तो 'छत्रीवाला' राहिलाच नाही, पिशवीबाबा झाला. ज्याला त्याच्या कृपेनं दोन पुडे मिळत, तो त्यातला एक टपरीत ठेवून जाई. बाबा मागत नसे. फक्त म्हणे, "पिशवी भुकेली राहिली तर उद्या दाखवणार नाही."

माझा त्याच्यावर काडीचाही विश्वास नव्हता. घरी मी सासूबाईंना सांगितलं, "अहो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढंच."

"तीन-तीन फांद्या तुटल्या गं," त्या म्हणाल्या. "आणि तू अख्ख्या दुकानात बसतेस अन् आपल्या घरात मिठाचा एकच पुडा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

दुसऱ्या दिवशी मागच्या गोदामात चार पुडे शिल्लक सापडले, ते मी घरी आणले. विश्वास नव्हता, तरी आणले. 

रांग लावायचं काम गणिताच्या बाई करत. त्यांच्याच शाळेचा वॉर्ड झाला होता, म्हणून हातावर हात ठेवून घरी बसण्यापेक्षा त्या आमच्या दारात टोकन वाटायला उभ्या राहिल्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, आवाज असा की दोनशे माणसं वर्गासारखी सरळ उभी राहत. त्या दिवशी दुपारी त्या माझ्याकडे आल्या.

"एरवी दिवसाला मिठाचे किती पुडे जातात गं?"

"चाळीसेक."

"आणि काल सकाळी फळीवर आणि गोदामात मिळून किती होते?"

"चारशेच्या वर असतील."

"म्हणजे दहा दिवसांचं मीठ साडेतीन तासांत गेलं." त्यांनी पुढे विचारलं, "बाबा बोलला नसता तर ते कधी संपलं असतं?"

मी बोटांवर मोजून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात. आणि तोवर नवी गाडी आलीच असती. संपलंच नसतं, बाई."

"हं," त्या म्हणाल्या आणि टोकनांची पेटी घेऊन बाहेर गेल्या. मॅनेजरसाहेबांना त्यांनी माणशी एका वस्तूचा एकच नग द्या असं सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "माल खपतोय, गिऱ्हाईक खूश आहे, तुम्ही कशाला डोकं पिकवता?"

आठवड्यानं पिशवीबाबानं पुन्हा डोकं आत घातलं. "पांढरं आहे... पण दाणे नाहीत... भुकटी आहे... एक बाळ रडतंय..."

त्या सकाळी बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे माझ्या काउंटरवरून कसे गेले ते मी बघितलं. निवृत्त पहारेकरी दोन डबे घेऊन आला. त्याचा धाकटा मुलगा चाळिशीचा.

"काका, तुमच्याकडे बाळ कुठं आहे?"

"चहात घालू की. आणि पाहुणे आले लेकुरवाळे तर?"

दाताचे डॉक्टर आले, तीन डबे. दोन बहिणी आल्या, वेगवेगळ्या रांगेत उभ्या राहून, प्रत्येकी दोन. मी मशीनचा लाल दिवा डब्यांवरून फिरवत होते आणि मनात हसत होते. हसता हसता फळीवर पाचच डबे उरलेले दिसले आणि माझं हसू गेलं. माझ्या नणंदेला सातवा महिना होता. मी उठले, दोन डबे आणले आणि काउंटरखाली पायांशी ठेवले.

बाराच्या सुमाराला एक आजी आल्या. त्यांची मुलगी आमच्याच गल्लीत शिवणकाम करायची. ती चार दिवसांपूर्वी वॉर्डात गेली होती आणि तिची अडीच महिन्यांची मुलगी आजींकडे होती. त्या रिकाम्या फळीपर्यंत जाऊन परत माझ्याकडे आल्या.

"मुली, बाळाचं दूध?"

माझ्या उजव्या पावलाला डब्याचा गार पत्रा लागत होता.

"संपलं, आजी," मी म्हणाले.

"आत कुठं असेल एखादा? घरातला डबा तळाला गेलाय."

"उद्या या. गाडी आली तर बघू."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रिकामी पिशवी नीट घडी करून त्यांनी काखेत धरली आणि त्या गेल्या. गाडी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत रुग्णवाहिका आली. ती ताप आलेल्या माणसासाठी नव्हती. आजींनी उरलेली पावडर पुरावी म्हणून बाटलीत पाणी वाढवत नेलं होतं. एका मापाला दुप्पट, मग चौपट. पोट भरलेलं दिसत होतं, बाळ झोपत होतं, आजींना वाटलं बरं चाललंय. पहाटेपासून बाळाचे हातपाय झटके द्यायला लागले. डॉक्टर म्हणाले, तान्ह्या बाळाला नुसतं पाणी पाजत राहिलं की रक्तातलं मीठ उतरतं आणि फिट येते. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाताशी काही राहिलं नसतं.

हे मला गणिताच्या बाईंनी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.  

"उद्या मी त्या बाबाला दुकानाच्या दारात बसवते," त्या म्हणाल्या. "तू फक्त दुपारी दोन वाजता फळ्या लोकांना दाखव."

दुसऱ्या दिवशी सात वाजता त्या टपरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाबा, तुमची कीर्ती ऐकून आम्ही थक्क झालोय. आज आम्हाला पिशवीची पुरी ताकद बघायची आहे. एक वस्तू तुम्ही रोजच्यासारखी बोलून दाखवा. दुसरी या कागदावर लिहा, लिफाफ्यात घाला आणि तुमच्याच हातानं चिकटवा. मीसुद्धा वाचणार नाही. दुपारी दोनपर्यंत दोन्ही संपल्या, तर मी स्वतः तुमच्यासाठी टपरीवर पाटी रंगवून देते."

बाबाच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. पण दोनशे माणसं "हो, हो, दाखवाच बाबा!" म्हणत असताना माघार कोण घेणार? हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालची जमीन दिसत नाही. त्यानं डोकं पिशवीत घातलं. "लाकूड... टोकाला काळं... घासलं की पेटतं..."

"काड्यापेट्या!"

मग त्यानं हात आडवा धरून कागदावर काहीतरी लिहिलं, लिफाफा जिभेनं ओला करून चिकटवला. बाईंनी तो दुकानाच्या काचेवर सगळ्यांसमोर डकवला आणि बाबाला दाराशी आपल्या शेजारी खुर्ची दिली. "आज तुम्ही आमचे पाहुणे. दोन वाजेपर्यंत इथून हलायचं नाही, आणि मौन. भाकीत करणाऱ्यानं सारखं बोलू नये." एकदा तो चहाच्या निमित्तानं उठायला लागला, तर बाईंनी चहा तिथंच मागवला.

काड्यापेट्या सव्वादहाला संपल्या. लोक बाबाकडे बघून हात हलवत होते. तो मात्र चहाचा पेला तसाच धरून बसला होता.

दोनला बाईंनी लिफाफा फोडला आणि कागद गर्दीतल्या पहारेकरीकाकांच्या हातात दिला. काकांनी चष्मा वर करून वाचलं, "साखर."

मी दार पूर्ण उघडलं. "दहा-दहा जण आत या आणि बघा."

साखरेची फळी काठोकाठ भरलेली होती. मागे गोदामात आणखी पोती होती, तीही मी दाखवली. माणसं पोत्यांना हात लावून बाहेर येत होती आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

"श्रद्धा नसलेल्या माणसानं लिहवून घेतलं," बाबा उठून म्हणाला. "अशानं पिशवी रुसते!"

"पण काड्यापेट्या तर संपल्या ना?" गर्दीतली एक बाई म्हणाली. "ते तर खरं झालं!"

"कुणी संपवल्या?" बाईंनी विचारलं. "पिशव्या उघडा तुमच्या."

कुणी उघडल्या नाहीत. उघडायची गरजही नव्हती. खोकी कापडातून दिसत होती.

"जे तो मोठ्यानं बोलला ते संपलं. जे त्यानं गुपचूप लिहिलं ते जागेवर आहे. पिशवीला उद्या दिसत असता तर दोन्ही संपलं असतं. त्याला काही दिसत नाही. तो बोलतो, तुम्ही धावता, आणि त्याचं भाकीत तुम्ही खरं करता."

"मग पहिल्यांदा साबण? तेव्हा तर कुणी धावलं नव्हतं," दाताचे डॉक्टर म्हणाले.

आमच्या दुकानातला माल उतरवणारा हमाल मागे उभा होता. त्यानं घसा खाकरला. "ते मीच बोललो होतो साहेब. साबणाची गाडी वाटेत बंद पडली, दोन दिवस येणार नाही, असं मी त्याच्या टपरीवर बिडी ओढताना म्हटलं. मला काय माहीत तो असा बाबा होईल."

लोक टपरीकडे धावले. दार ओढल्यावर आत छत्र्या नव्हत्याच. पुडे, साबण, पीठ, आणि एका कोपऱ्यात बाळाच्या दुधाचे अकरा डबे. कुणीतरी हात घालणार तोच बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "एकालाही हात लावायचा नाही. सगळं दुकानात परत जाईल आणि ज्याच्या घरी बाळ आहे त्याला डबा मिळेल." आणि बाबाकडे वळून एवढंच म्हणाल्या, "दुधावाचून फिट आलेली ती पोर वाचली, हे तुमचंही नशीब आहे."

सगळे बाबाला शिव्या द्यायला लागले. लुच्चा, लबाड, भोंदू. मीही देणार होते. पण माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी त्याच्यावर कधीच विश्वास ठेवला नव्हता," मी म्हणाले. आवाज चढला होता, लोक वळून बघायला लागले. "तरी मी दोन डबे पायाशी लपवले. आजी समोर उभ्या असताना संपलं म्हणाले."

 बाई पुढे आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाल्या, "ऐकलंत? या फसवणुकीची खरी मेख इथं आहे. त्याच्यावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती. शेजाऱ्याचा विश्वास आहे आणि तो सगळं उचलून नेईल, एवढी भीती पुरेशी होती. शहाण्यांनीही तेवढ्यावरच फळ्या रिकाम्या केल्या."

संध्याकाळी मी ते दोन डबे घेऊन आजींकडे गेले. बाळ अजून दवाखान्यात होतं, पण झटके थांबले होते. आजी उंबऱ्यात उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या.

"त्या दिवशी होते तुझ्याकडे?"

"होते."

त्यांनी दोन्ही डबे माझ्या हातातून घेतले, छातीशी धरले आणि दार लावून घेतलं. पुढे बाळ घरी आलं, त्याची आईही वॉर्डातून सुटून आली. आजी आता दुकानात येतात, पण माझ्या काउंटरवर येत नाहीत. दुसऱ्या रांगेत कितीही गर्दी असली तरी तिथंच उभ्या राहतात. मी त्यांना दोष देत नाही.

छत्रीवाला गाव सोडून गेला. पण साथी पुन्हा येतील आणि तसली माणसंही येतील. कुणी पिशवीत बघेल, कुणी फोनवर निरोप धाडेल. तेव्हा तो माणूस खरा की खोटा, यावर वाद घालत बसू नका. आधी इतकंच तपासा, की तो बोलला नसता तर ही गोष्ट घडली असती का? आणि फळीवरचा दुसरा डबा उचलण्याआधी जरा मागे वळून रांगेत कोण उभं आहे ते बघा.