आधी चादर धरा

"आधी चादर धरा," हौसाबाई म्हणाली, "मंग हात लावीन."

करिष्मा दुकानाच्या काचेच्या शोकेसमध्ये गुडघ्यांवर बसली होती. तोंडात टाचण्या, त्यामुळे धड हसताही येईना. तिनं त्या काढून कॉलरला टोचल्या आणि सासूला समजावलं.

"आये, बाहुली हाय ती. फायबरची."

"बाई हाय का न्हाय? मंग भर बाजारात उघरी कशी करशील? समोर समदी बापय मानसं च्या पितान."

पीतच होती. लूमची शिफ्ट नुकतीच सुटली होती आणि केसांत कापसाची पिंज घेऊन कारागीर टपरीवर उभे होते.

करिष्मा या कापडदुकानात मर्चंडायझर होती. सासरी हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे, म्हणून नवरा दीपेश सगळ्यांना सांगायचा, बाहुल्यांना कपडे घालते. हसणारे हसत. काय गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर टांगायचं आणि काय पायाशी सारायचं, ते ती ठरवायची, आणि भिवंडीतली निम्मी माणसं आपण आपल्या पसंतीनं घेतलं असं समजून तेच घेऊन जायची. दिवसभर काम उभ्यानं. शोकेसमधल्या बाहुलीला बसायला मखमली स्टूल, आणि तिला सजवणारीनं टेकलं तर लगेच बोलणी. असले नियम करणाऱ्यांना एक दिवस चार मजल्यांवरच्या साड्यांच्या उभ्यानं घड्या करायला लावलं पाहिजे. पण ते पुन्हा कधीतरी. आजचा दिवस खुशीचा होता.

लग्नसराईची शोकेस लावायची होती. दर वेळी मुंबईहून उन्नती मॅडम चित्र पाठवायच्या आणि सगळ्या शहरांत तीच फिक्या गुलाबी घागऱ्यातली नवरी उभी राहायची. यंदा करिष्मा अडून बसली. इथं हळदीला अख्खी भावकी कपडे घेते. त्यांच्यातली वरमाय काष्ट्याचं लुगडं नेसून निघालीय, अशी शोकेस करू द्या. मॅडम फोनवर म्हणाल्या, "गावठी दिसेल. पण कर. शनिवारी बघायला येते. नाही आवडलं तर तू शोकेस सोडायची आणि गोडाऊनला टॅग लावायला बसायचं." करिष्मा म्हणाली, चालेल.

ही झाली दुकानातली गोष्ट. घरातली वेगळी होती.

अंबाडीकडच्या त्यांच्या गावात हौसाबाईच्या हातचं लुगडं नेसल्याशिवाय वरमाय मांडवात जात नसे. नेसवून झालं की कपाळाला कुंकूही तीच टेकवायची. मग सासरे, बाळाराम, गेले. त्यानंतर बोलावणं बदललं. जेवायला या, म्हणत. हात लावू नका, असं कुणीच म्हणालं नाही. ज्यांच्या निऱ्या हिनं घातल्या त्याच बाया. माणसाला असं कापायची आपल्याकडे जुनी हातोटी आहे, रक्त म्हणून निघत नाही. हल्ली गावात हळदीचा डीजे लागला की हौसाबाई टीव्हीचा आवाज मोठा करायची.

म्हणून करिष्मानं तिला गाठलं. "मना काष्टा घालता येत न्हाय, आये. तुमी आलाव न्हाय तर मी गेली गोडाऊनला." फोनवर बघून तिला काष्टा केव्हाच जमला असता. ते तिनं सांगितलं नाही.

अखेर चादरींच्या काउंटरवरून एक डबलबेडची आली, किमतीची चिठ्ठी लोंबत असलेली. एक टोक सेल्सगर्ल भावनानं धरलं, दुसरं स्टँडला बांधलं. आणि रस्त्यावर गंमत झाली. इतकी वर्षं काचेमागे बाहुल्यांचे कपडे राजरोस उतरत होते, कुणी ढुंकून बघत नव्हतं. आज चादर दिसली आणि रिक्षावाल्यांनी रिक्षा थांबवल्या.

"अंदर क्या चल रहा है?"

"पता नहीं भाई, पर कुछ तो है."

मॅनेजर केसरीनाथ धावत आले. "करिष्मा, बाहेर जाम लागलाय. मॅडमची गाडी त्यातच अडकलीय."

"बरंच आहे की सर. त्यांनाही कळेल शोकेस बघायला गर्दी होते."

मॅडम चालतच आल्या, घामाघूम. त्या काही बोलणार तोच स्टँड कलंडला. हौसाबाईनं सुटलेलं टोक सरळ त्यांच्या हातात दिलं.

"धर गं बायो. रिकामीच उभी हायस."

"मी?"

"मंग कोन? भायेरच्या बापयांना बोलवू?"

मॅडमनी पर्स खाली ठेवली आणि टोक धरलं.

नेहमीच्या बाहुल्यांचे पाय जुळलेले, त्यातून काष्टा जाईना. करिष्मानं खेळाच्या कपड्यांकडची धावणारी बाहुली आणली, एक पाय पुढे, एक मागे. कमरेशी पीळ देऊन वरचा भाग उचलून बाजूला ठेवला. हौसाबाई दोन पावलं मागं सरली.

"आगं, मधनं तुटली ती."

"तुटली न्हाय, सुटते अशी."

"आमची बी सुटली आसती तर बरं झालं आसतं. लावनीच्या टायमाला कंबर घरी ठेवून गेलो आसतो."

मग तिचे हात चालू लागले. निरी, गाठ, काष्टा. बाहुली पुन्हा सांधली, पदर खांद्यावर आला, आणि फायबरची ती बया वाऱ्यासारखी हळदीला निघाली.

"हिचं डोकं कुठं हाय?"

"हिला नसतंच, आये."

"बरं हाय. डोकं आसतं तर वरमाय भांडली आसती."

भावना इतकी हसली की चादर खाली आली. मॅडमनी पुन्हा वर घेतली.

करिष्मानं आपल्या पर्समधून कुंकवाची डबी काढून पुढं केली. हौसाबाईनं हात पदराखाली घेतले.

"तू लाव."

"नेसवलं तुमी. मी कशी लावू?"

"माज्या हातचं चालत न्हाय आता."

बाहेर कोणीतरी हॉर्न मारत होतं.

"कोनाला चालत न्हाय?" करिष्माचा आवाज चढला. "हिनं सांगितलं तुमाला? इचारा हिला."

हौसाबाईनं त्या बिनडोक्याच्या बाईकडे बघितलं. आधी तिचे खांदे हलले, मग ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता डबीत बोट बुडवलं, आणि बाहुलीचं कपाळ जिथं आलं असतं तिथं, समोरच्या काचेवर, आतून टेकवलं.

चादर उतरली. टपरीवरून शिट्टी आली.

"अम्मा, ये तो भाग रही है."

"भागत न्हाय रं. हलदीला चालली. उशीर झाला तिला."

केसरीनाथ फडका आणि फवाऱ्याची बाटली घेऊन आले. काचेवर डाग चालत नाही, नियम होता. करिष्मानं बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मॅडमकडे बघितलं.

मॅडम अजून चादरीचं टोक धरून होत्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "सीझन संपेपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही. करिष्मा, पुढची शोकेस काय करायची ते तूच कळव."

भावना हळूच म्हणाली, "मावशी, वैशाखात भावाचं लग्न आहे, माझ्या आईला नेसवायला याल? कुंकवासकट."

हौसाबाईनं कुंकवाच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "लुगरं नऊवारी घ्या म्हनावं. आखूड मना चालत न्हाय."

चादर काखेत मारून करिष्मा तिला पुढच्या दारानं बाहेर घेऊन आली. गर्दी पांगली होती. काँक्रीटवर काँक्रीट चढून रस्ता शोकेसच्या तळाच्या बरोबरीला आला होता. हौसाबाई काचेसमोर थांबली. काचेत तिचा चेहरा होता, आणि कुंकू त्याच्या जरा वर. तिनं इकडं तिकडं बघितलं. मग टाचा उचलल्या.

कुंकू कपाळावर आलं. ती तशीच राहिली.

करिष्मानं रस्त्याकडे तोंड केलं, काखेतली चादर झटकायला म्हणून दोन्ही हातांनी पसरली, आणि धरून ठेवली.