मागे राहिलेली मशीन

मित्रांनो, तुमच्या घरी सकाळी अगरबत्ती लागत असेल, तर तिच्या जन्माच्या वेळी माझ्यासारखंच कोणीतरी हजर असतं. मी अगरबत्ती वळणारी जुनी मशीन. पायाने चालणारी. छिद्रात बांबूची काडी धरायची, मसाला भरायचा आणि पायडल दाबायचं. काळी ओली अगरबत्ती दुसऱ्या बाजूने बाहेर येते.

नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मला घडवलं आणि ट्रकात घालून चामोर्शीकडच्या एका खेड्यात आणलं. कंपनीची शेड होती. माझ्या वाट्याला रुखमा आली. पहिल्या दिवशी ती पायडलला पाय लावायलाच तयार नव्हती. आधी वाकून माझ्या पाया पडली, मग बसली. तिच्या पायाला अशी लय होती की शेजारच्या बायका तिच्या तालावर गाणी म्हणत. शेजारच्या मशीनवर सुगंधाबाई बसे. वयाने मोठी, बोलायला तिखट. दोघी एकाच डब्यातून भात खात.

बरीच वर्षं अशी सुखात गेली. मग एके दिवशी सुपरवायझर अश्वजित शेडमध्ये आला. तो गावातलाच पोरगा. त्याला वर बघवत नव्हतं.

"बाई, काम बंद नाई होऊन राह्यलं. दुसरीकडं जाऊन राह्यलं. तिकडं विजेच्या मशीन हायेत. ज्यांना यायचं हाय त्यांना घेतील म्हणते."

"कामाले पाय असतात का, भाऊ?" सुगंधाबाई म्हणाली. "कोणीतरी नेऊन राह्यलं म्हणून ते जाऊन राह्यलं."

ते नवं शहर दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासावर होतं. लेकरं, म्हातारी माणसं, धानाच्या शेताची बांधी सोडून कोण जाणार? बहुतेक जणी घरी बसल्या. रुखमाला मात्र बसून चालणार नव्हतं. ती एकटी कमावती, आणि तिची लेक दिव्यानी चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती.

"सुट्टीत पोरगी कुठी येईन? घराले तर कुलूप राहीन," रुखमा रडत म्हणाली.

"माह्याकडं येईन. तू काऊन फिकर करतं?" सुगंधाबाईने तिचा हात धरला.

रुखमा गेली. शेडला टाळं लागलं. मित्रांनो, माझ्या पायडलवर धूळ बसली, स्प्रिंगला गंज चढला. बाहेर बाईचा आवाज आला की वाटे, आता दार उघडेल.

दार उघडलं ते सुगंधाबाईने. घरी बसलेल्या एकेकीच्या दारी ती गेली होती. "हात तर आपलेच हायेत ना? ते कुठी गेले?" असं म्हणून तिने त्यांना उठवलं होतं. अश्वजितही कंपनीबरोबर गेला नव्हता. त्याने साहेबांच्या मागे लागून आम्हा जुन्या मशीनना मागून घेतलं. ग्रामसभेने समाजमंदिराची मागची खोली दिली. पहिला माल वाळताना तडकला. बायकांनी तो कुटून पुन्हा मळला. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत त्यांनी दुकान मांडलं, आणि वैनगंगेच्या वाळूत त्यांच्या अगरबत्त्यांचा वास दरवळला.

त्या जत्रेला रुखमा सुट्टी घेऊन आली. वाळली होती. दुसऱ्या दिवशी ती खोलीत आली, माझ्यासमोर बसली आणि तिने पायडल दाबलं. माझ्या अंगातून जुनी लय धावली.

"तिकडची मशीन आपल्या आपल्या चालते," ती म्हणाली. "मी नुसती पाहत राह्यतो."

"ये ना वापस. इथी तुही जागा हाय," शेजारच्या मशीनवरून सुगंधाबाई म्हणाली.

"दिव्यानीचं शिक्षण होऊ दे, बाई. तुमचंच अजून कसंबसं जमून राह्यलं. त्यात माहं घर अन् पोरीचा खर्च कसा चालीन?"

सुगंधाबाईने मसाल्याचा गोळा तिच्यापुढे सरकवला. ते खरंच होतं.

सकाळच्या गाडीने रुखमा परत गेली. आता माझ्यावर दुसरी बाई बसते. चांगली आहे, मला वेळेवर तेल देते. माझी तक्रार नाही. पण गाडीचा हॉर्न वाजला की माझं लक्ष दाराकडे जातं.

मित्रांनो, आम्हा जुन्या मशीनना सांभाळा, हे तर सांगायलाच नको. पण तुमच्या गावातलं कोणी पोटासाठी लांब गेलं असेल आणि चार दिवसांसाठी घरी आलं असेल, तर त्याला 'वापस कधी जातं?' असं विचारू नका. थोडं सरका, आणि बसायला जागा द्या.