डाव्या बाजूचा पत्रा

विमान रंगवायचं म्हणजे त्याला रंग दिलाच नाही असं दिसेपर्यंत रंगवायचं. हे वाक्य माझं आहे आणि शाळेच्या प्रदर्शनात मी ते माईकवर तीनदा म्हटलं, एकदाही न अडखळता. सर म्हणाले, दामिनी, थोडक्यात सांग. पण थोडक्यात कसं सांगणार? आधी प्लास्टिकच्या छोट्या विमानाला काळा चकचकीत रंग द्यायचा. तो दोन दिवस वाळवायचा. मग त्यावर अॅल्युमिनियमच्या रंगाचे हात, इतके पातळ की पहिले दोन हात मारून वाटतं, काही झालंच नाही. तिसऱ्या हाताला प्लास्टिकचं एकदम धातू होतं. मला तर दर वेळी टाळी वाजवावीशी वाटते. फवारायला मी केकवर रंग मारायची पिचकारी वापरते. भंडाऱ्यात तीच मिळाली.

हे सगळं मला आबाजींनी शिकवलं. आबाजी म्हणजे माझे आजोबा, कृष्णराव, दोस्तांचे किसन. आमचं घर पितळेच्या भांड्यांचं, दुकान पुढे आणि घासकाम मागे. आबाजी अठराव्या वर्षी त्या घासकामातून पळून हवाई दलात फिटर झाले. विमान उडवायचे नाहीत, उडण्यालायक करायचे. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धूसर झालंय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणून ते सांगतात आणि मी करते.

या वर्षी आम्ही मिग घेतलं. पट्टीएवढं लांब, उघड्या धातूचं, आबाजींनी ज्याच्यावर सहा वर्षं काम केलं अगदी तेच. ते टेकचंद आजोबांना द्यायचं होतं. टेकचंद आजोबा साकोलीचे. सहा वर्षं दोघं त्याच विमानावर होते, एका ताटात जेवायचे. आता ते मुलीकडे, रीतामावशीकडे असतात आणि त्यांना विसरायचा आजार आहे. मागच्या खेपेस आबाजी गेले तर त्यांनी विचारलं, "आपण बँकेतले का?"

 घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आबाजी म्हणाले, "पोट्टे, माणूस नाई ओळखू येत त्याले. विमान ओळखन तो."

मग आम्ही भिडलो. शेपटीजवळ जिथून आग निघते तिथला धातू तापून निळसर तपकिरी होतो. तो रंग जमेना.

"कसा होता, आबाजी? नीट सांगा नं."

"भाकर जराशी करपली की कडेले येते तसा."

"निळी भाकर?"

"तू पाह्यली नाईस म्हणून हासून राहिली. तापल्या तव्याची कड पाह्य."

मी आईचा तवा उलटा करून पाहिला. खरंच होतं तिथे. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ शाई सोडली, पेन्सिलीचं शिसं किसून तोफेजवळ काजळी चढवली. पायऱ्या लावायच्या जागी बुटांनी घासलेलं दाखवलं. आबाजी विमान चेहऱ्याच्या बाजूला धरून, डोळ्याच्या कडेनं पाहायचे. "हां," म्हणायचे. तेवढ्यावर माझा अख्खा दिवस जायचा.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. डाव्या बाजूला, पंखाच्या थोडा मागे, नखाएवढा एक पत्रा त्यांनी वेगळा रंगवून घेतला होता. गढूळ, राखेसारखा. बाकी विमान झळकतंय आणि मधेच हे.

"हा असा काहून?" मी विचारलं होतं.

"होता तसा. तसाच ठेवजो," एवढंच म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी विमान दुकानात नेलं, बाबांना दाखवायला. बाबांनी हात धुतले, पुसले, मग पाहिलं. आणि आधी काय दिसलं तर तोच पत्रा.

"हे ठिगळ कायचं वं? झाकता नाई आलं?"

आमच्या धंद्यात हे पहिलं शिकवतात. घागरीला जोड दिला तर जोड दिसता कामा नये. घासून, वरून पुन्हा घासून एकजीव करायचा. ठिगळ दिसलं की काम कच्चं. मी पाचवीत होते तेव्हापासून हे ऐकते, माझ्या हातांनाही ते कळतं. आणि तेव्हा मला वाटत होतं की आता मला आबाजींपेक्षा जास्त दिसतं. डोळ्यांनी तर दिसतच होतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही. ते दुपारी झोपले असताना तो पत्रा मी अॅल्युमिनियमच्या रंगानं भरला, वाळला तसा मऊ फडक्यानं घासला. एकजीव. कुठे काही होतं असं वाटतच नव्हतं. मी खूश झाले. खोटं का सांगू, खूपच खूश झाले.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही साकोलीला गेलो. विमान चपलांच्या डब्यात, कापसात. लाखनी येईपर्यंत आबाजींनी डबा मांडीवरून हलवला नाही.

टेकचंद आजोबा अंगणात खुर्चीवर बसले होते. रीतामावशी मोठ्यानं म्हणाली, "बाबा, पाहा कोण आलं. किसन काका आले." त्यांनी मान हलवली, जशी कोणालाही हलवतात. आबाजींनी डबा उघडला आणि विमान त्यांच्या हातात दिलं.

आणि त्यांचा हात बदलला. मी पाहिलं ते. आत्तापर्यंत गुडघ्यावर नुसता पडलेला हात, त्यानं विमान खालून, पोटाशी बरोबर धरलं. नाक स्वतःकडे वळवलं. शेपटीशी बोट नेलं, निळसर भागावर थांबलं. मावशीनं माझा दंड पकडला. मग त्यांनी विमान डावीकडे कलतं केलं आणि डाव्या हाताचा अंगठा पंखामागे नेला. तिथे फिरवला. पुन्हा फिरवला. विमान उजेडात धरलं, परत अंगठा फिरवला.

मग ते माझ्या हातात दिलं.

"आपलं नाई हे," म्हणाले, आणि रस्त्याकडे पाहू लागले. त्यानंतर तासभर आम्ही होतो. ते रस्त्याकडेच पाहत राहिले.

परतीच्या एसटीत आबाजी खिडकीशी बसले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "संपलं. त्याले काहीच राह्यलं नाई आता."

"आबाजी..."

"तुले सांगितलं नाई मी. तो पत्रा टेक्यानं बसवला होता. दुसऱ्या विमानाचा होता, जुना. टेक्या महिनाभर घासत होता त्याले, पण रंग काही मिळे नाई. सगळे हासत. मंग आमची विमानं परत येत ना, दुरून सगळी सारखी. आम्ही खाली उभे. टेक्या डोळ्यावर हात धरून पाह्य आणि म्हणे, किसन्या, ठिगळ दिसलं. आपलं आलं." ते थांबले. "तेच नाई आठवलं त्याले. हातात दिलं तरी नाई आठवलं. आता जाऊन काय करू? उगाच त्या पोरीले चहा ठेवा लागते."

माझ्या मांडीवर डबा होता. तेव्हा सांगायला हवं होतं. गाडी लाखनीच्या अलीकडेच होती. उतरून पलीकडे उभं राहिलो असतो तर साकोलीची पुढची गाडी मिळाली असती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि तरी मी बोलले नाही. मला कबूल करायचं नव्हतं. मला दुरुस्त करायचं होतं. पत्रा पुन्हा गढूळ करू, पुढच्या रविवारी काहीतरी सांगून आबाजींना नेऊ, टेकचंद आजोबा ओळखतील आणि झालेलं कोणालाच कळणार नाही. असा माझा हिशेब.

सोमवारी मी पत्र्याभोवती चिकटपट्टी लावली. मंगळवारी काळा हात दिला. बुधवारी तो वाळत होता.

गुरुवारी शाळेतून आले तर आबाजी बाहेर जायचे कपडे घालून ओसरीत बसलेले आणि बाबा गाडी शोधत होते. रीतामावशीचा फोन आला होता. सकाळी चहा घेता घेता टेकचंद आजोबा गेले.

आबाजी आणि बाबा साकोलीहून संध्याकाळी परत आले. आंघोळी झाल्या. आई कोणाला वाढावं न वाढावं अशी उभी होती. आबाजी मागच्या खोलीत होते, तिथे मी गेले आणि सांगितलं. सगळं, ओळीनं. घागरीचं, फडक्याचं, चिकटपट्टीचं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, कारण रडलं की लोक माफ करतात.

आबाजींनी मधे एकदाही अडवलं नाही. 

"म्हणजे तो बरोबर होता," ते म्हणाले.

"हो."

"तो पत्रा शोधून राह्यला होता."

"हो, आबाजी."

"आणि मी म्हटलं, याले काही राह्यलं नाई." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "चार दिवस होते तुह्यापाशी. मले एसटीत सांगितलं असतं तर मी तिथूनच फिरलो असतो. पत्रा राह्यला तर राह्यला. त्याले म्हटलं असतं, टेक्या, तू बरोबर आहेस. ठिगळ पोट्टीनं झाकलं. तुह्या ध्यानात आहे."

मी म्हटलं, "माझं चुकलं." ते "हं" म्हणाले. ते काही ठीक आहे असं म्हणणारं "हं" नव्हतं.

मला वाटलं आता जा म्हणतील. त्यांनी हात पुढे केला.

"मले तेव्हा समोरचं नाई दिसलं. अंगठा होता का बोट?"

"अंगठा. डाव्या हाताचा."

"कुठून कुठं?"

मी त्यांच्या तळहातावर माझा अंगठा ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत.

"मंग?"

"मग पुन्हा. मग उजेडात धरलं, आणि परत."

"आणि काय म्हणे?"

"आपलं नाई हे."

"आपलं म्हणे?"

"हो."

त्यांनी ते मला पहिल्यापासून सांगायला लावलं. मग आणखी एकदा. आईनं दारातून जेवायला विचारलं, ते नको म्हणाले. चौथ्या वेळी मी मधेच अंगठा उचलला आणि थांबले, तर त्यांचा तळहात तसाच पसरलेला होता आणि ते म्हणाले, "सांग नं."