दाराची चुंबळ

रुचिकाने मोबाइल सासूच्या नाकासमोर धरला. "आई, हे बघा. थंडीची सजावट. सगळं झाडापानांचं, प्लॅस्टिक अजिबात नाही. आपण भाड्याने देतो त्या दोन्ही खोल्यांच्या दारांवर असंच लावायचं. शनिवारी पुण्याचे पाहुणे येतायत."

सोनूबाई मान वळवू शकत नव्हती, म्हणून कमरेपासून सगळीच वळली. गळ्यात डॉक्टरांचा पट्टा. मोबाइलवर कुठल्याशा बर्फातल्या घराचं दार होतं आणि दारावर गवताचं गोल कडं. कड्याला लाल फळं, सुकी बोंडं खोचलेली.

"ही तर चुंबळ हाय," सोनूबाई म्हणाली. "दाराला कशाला टांगली? दार काय टोपली घेऊन बाजारात जातंय?"

रुचिका हसली, पण सोनूबाईची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तिथे टोपलीखाली डोक्यावर ठेवायची तिची स्वतःची चुंबळ दिवाळीपासून नुसती लटकत होती.

बत्तीस वर्षं सोनूबाईने बोंबील, जवळा म्हणजे बारीक कोळंबी, अशी सुकी मासळी विकली. मुरुडहून सकाळी आगरदांडा गाठायचा, फेरीबोटीने दिघीला उतरायचं, तिथून एसटीने म्हसळ्याकडच्या गावांत. शेवटचं घर नलूचं. नलूच्या ओटीवर टोपली उतरली की आधी चहा आणि मग दोघींच्या तोंडाला विसावा म्हणून नाही. भाताची झोडणी आटपली की दरवर्षी नलू नव्या पेंढ्याची चुंबळ वळून द्यायची, वरून आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून. "घे, आता वरीसभर मी तुझ्या डोक्यावर," असं म्हणायची.

यंदा दिवाळीच्या तोंडावर सोनूबाईच्या मानेतून कळ निघाली ती थेट बोटांपर्यंत. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यावर ओझं बंद, कायमचं. मुलगा विनेश म्हणाला, "बरंच झालं, बस आता निवांत." ती बसली. पण नलूला काही तिने कळवलं नाही. नलूचा फोन यायचा, वाजून वाजून गप्प व्हायचा. उचलावा, सांगावं, आणि नलूने नुसतंच "बरं" म्हटलं तर? नलू इतकी वर्षं वाट बघत होती ती सोनूची की सोनूच्या टोपलीतल्या मासळीची, हे टोपली नसल्यावरच कळणार होतं. आणि ते कळून घ्यायची सोनूबाईची छाती होत नव्हती.

रुचिकाने शेजारच्या म्हशीवाल्यांकडून पेंढा आणला आणि अंगणात बसून कडं वळायला घेतलं. एक सुटलं. दुसरं अंड्यासारखं लांबट झालं. तिसऱ्याला तिने गोंद लावला, तेव्हा मात्र सोनूबाईला राहवलं नाही.

"सरक. पेंढा आधी भिजव. गोंद लावून चुंबळ होते काय गो?"

पेंढ्याचा मुठीएवढा झुबका तिने पिळला, गोल फिरवला, टोक आत दाबलं, वरून दुसरा वेढा. बोटांना सगळं पाठ होतं. जेवणवेळेपर्यंत सात चुंबळी तयार. रुचिकाने एक उचलून पाहिली.

"आई, जरा मोठी नाही का होणार? दाराच्या मानाने..."

"माझं डोकं एवढंच हाय. दारासाठी नवं डोकं कुठून आणू?"

सात चुंबळी, सातही एकाच मापाच्या. मग रुचिका किनाऱ्यावर जाऊन सुरूची बोंडं, शिंपले घेऊन आली. कुंपणावरच्या वेलीच्या गुंजा काढल्या. लाल गुंजा पिवळ्या पेंढ्यावर अशा काही खुलल्या की सोनूबाईसुद्धा "बरं दिसतंय" म्हणून गेली. सहा चुंबळी सजल्या. सातवी सोनूबाईने मागून घेतली. "ही माझ्या दाराला. माझी मी सजवते."

गुरुवारी सकाळी रुचिका मार्गशीर्षाचा घट मांडायला फुलं घेऊन बाहेरून आली आणि उंबऱ्यातच थबकली. मुख्य दारावर सातवी चुंबळ. तिच्याभोवती वाळवणाच्या मांडवावरचे सुके बोंबील, सूर्याच्या किरणांसारखे नीट खोचलेले, उन्हात चांदीसारखे चमकत. खाली पायरीवर मांजर, देवदर्शनाला आल्यासारखं, वर बघत.

"आई! आज गुरुवार! आणि दारात बोंबील?"

"प्लॅस्टिक नको सांगितलंस ना? बोंबील काय कारखान्यात होतो?"

"आई, काढा हो ते! पाहुण्यांनी बघितलं तर..."

"बोंबील टांगलाय म्हंजे घर हेच," फाटकातून आवाज आला.

नलू होती. हातात कापडी पिशवी, पायांवर रस्त्याची धूळ. बत्तीस वर्षांत ती या दारात पहिल्यांदा उभी होती.

"स्टँडपासनं पुसत पुसत आले. गुरुवारी तुझा धंदा बंद, म्हनलं घरीच गावशील. फोन का न्हाय उचलत? मला वाटलं, गेलीस. आणि ह्यो गळ्यात काय पट्टा? चावतेस की काय आता?"

सोनूबाईला हसू आलं, पण ते ओठापर्यंत पोचलं नाही. एका दमात तिने सगळं सांगून टाकलं. मान. डॉक्टर. टोपली बंद. "आता माझ्याकडं तुला द्यायला काय न्हाय गो, नलू."

नलू पायरीवर, मांजराशेजारीच बसली. मग तिने पिशवीतून नवी चुंबळ काढली. हिरव्या लुगड्याची पट्टी, दरवर्षीसारखी.

"तुझ्या जवळ्यात वाळू असते," ती म्हणाली.

"काय?"

"वाळू. कचकचते. बत्तीस वरसं पाच-पाच पाण्यांतनं धुवून खातेय. आमच्या बाजारात त्या राहीचा जवळा कसा लख्ख असतो. पन घेतला का मी कधी?"

"माझ्या जवळ्यात वाळू? माझ्या?" सोनूबाईचा आवाज चढला. "मग इतकी वरसं तोंड शिवलं होतं काय?"

"बोलले असते आणि तू यायची थांबली असतीस तर?"

भांडायला एवढं चांगलं निमित्त मिळालं होतं, पण सोनूबाई नलूशेजारी पायरीवर टेकली. रुचिका चहा ठेवायच्या निमित्ताने आत सटकली.

तेवढ्यात मांजराने उडी मारली. चुंबळ, बोंबील आणि मांजर एकदम पायरीवर. बोंबलांचा सर्वांत मोठा किरण तोंडात धरून मांजर कुंपणापलीकडे गेलंसुद्धा.

"बघ, गुरुवार पाळणारं कुणीतरी कमी झालं," नलू म्हणाली, आणि मग दोघी अशा हसल्या की सोनूबाईला पट्टा सैल करावा लागला.

दाराच्या रिकाम्या खिळ्यावर सोनूबाईने नलूची नवी चुंबळ लावली. रुचिका शिंपले घेऊन धावली.

"हिला काय लावू नको," सोनूबाई म्हणाली. "ही अशीच राहू दे."

दुपारच्या फेरीबोटीसाठी नलूला रिक्षात बसवताना सोनूबाईने विचारलं, "पुढल्या आठवड्यात मी येऊ? हात हलवत?"

"हात हलवत कशाला? पिशवीत मावेल एवढा जवळा आन."

"वाळू काढून?"

"नको," नलू रिक्षातून ओरडली, "सवय झालीय!"