प्रत्येकीकडे दोनच आकडे

बचतगटाची लोखंडी पेटी होती तेव्हा तिला तीन कुलपं होती आणि तीन बायकांकडे तीन किल्ल्या. पेटी गेली, पैसे फोनवरच्या खात्यात आले, तरी बायकांनी रीत मोडली नाही. सहा आकड्यांचा गुप्त क्रमांक तिघींनी वाटून घेतला. पहिले दोन आकडे तेओपिस्ताकडे, मधले दोन रोबिनाकडे, शेवटचे दोन नाबोसा आजीकडे. आपले आकडे दुसरीला कधी सांगायचे नाहीत, हा नियम.

मंगळवारी सकाळी तेओपिस्ता मटोके शिजवायला हिरवी केळी सोलत असताना फोन आला. बचतगटांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीतून बोलतोय, असं तो माणूस अदबीने म्हणाला. तिचं नाव, गटाचं नाव, खात्याचा नंबर, सगळं त्याला ठाऊक होतं. शिक्का असलेलं पत्रही त्याने फोनवर पाठवलं. गटाची नोंदणी संपली आहे, दुपारपर्यंत पडताळणी झाली नाही तर खातं गोठवावं लागेल, म्हणाला.

 तेओपिस्ताच्या मुलीच्या, किसाक्येच्या, वाकड्या पायाचं ऑपरेशन गुरुवारी होतं. मोठे डॉक्टर मसाकाच्या दवाखान्यात तीन महिन्यांतून एकदाच येत, आणि पैसे गट देणार होता.

त्याने सगळा क्रमांक मागितला असता तर तिने फोन ठेवून दिला असता. त्याने फक्त तिचे दोन मागितले. बाकीच्या दोघींशी यावर बोलू नका, तुमचा नियमच आहे ना, असंही वर म्हणाला. एका किल्लीने कधी पेटी उघडते का, असा विचार करून तिने आकडे सांगून टाकले.

दुपारी मक्याच्या गिरणीवर रोबिना भेटली. ती खुशीत होती.

"आज आपला गट मी एकटीने वाचवला," ती म्हणाली. "कसा ते विचारू नकोस. गुपित आहे."

तेओपिस्ताच्या हातातलं सूप खाली आलं. "कचेरीतून फोन आला होता?"

रोबिनाचं हसू तिथेच विरलं. "तुलाही?"

दोघींनीही आपापले आकडे देऊन टाकले होते. आजीला फोन लावला, तो व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. पीठ तिथेच टाकून दोघी दलदलीकडे पळत सुटल्या. आजी तिथे चटयांसाठी लव्हाळे कापायला जायची. उतारावर रोबिना पडली. तेओपिस्ता थांबली नाही.

आजी काठावर बसून फोनवर बोलत होती. तेओपिस्ताने तो हातातून हिसकावून बंद केला.

"अगं, जरा रीत आहे की नाही?" आजी म्हणाली. "सरकारी माणूस होता. आपल्या रीतीप्रमाणे कुळ विचारलं तर म्हणतो, वेळ नाही. आजोबांचं नाव विचारलं, तर ओरडायला लागला."

"आजी, आकडे दिलेत?"

"एक दिला. दुसरा देणार तेवढ्यात तू आलीस."

म्हणजे उरला एकच आकडा. मागून धापा टाकत आलेली रोबिना म्हणाली की तीनदा क्रमांक चुकला की खातं आपोआप बंद होतं. तोवर तो माणूस अंदाजाने टाकून बघणार. एखादा बरोबर बसला तर तीस बायकांची वर्षभराची पुंजी गेली.

"तीन वेळा आपणच चुकीचा टाकू," ती हळूच म्हणाली आणि तेओपिस्ताकडे बघायचं तिने टाळलं. बंद झालेलं खातं उघडायला तिघींना ओळखपत्रं घेऊन कंपालाला जावं लागे, आणि त्यात आठ-दहा दिवस सहज मोडत.

आजीला गुरुवारचं आठवलं. "दुसरं काही करता येणार नाही का गं?"

"क्रमांक बदलायलाही कंपालालाच जावं लागतं," रोबिना म्हणाली. तेओपिस्ताने आपल्या फोनवर गटाचं खातं उघडलं. तिने सहा शून्यं दाबली. मग सहा एक. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आल्याने आकडे दिसेनात, म्हणून हाताला लागतील ते दाबले. खातं बंद झाल्याचा निरोप आला.

घरी किसाक्ये दारात बसली होती. गुरुवारी जायचं नाही, असं तेओपिस्ताने सांगितलं.

"पैसे चोरीला गेले?"

"नाही. पैसे आहेत."

"मग?"

तेओपिस्ता तिच्याजवळ बसली आणि तिने काही न लपवता पहिल्यापासून सांगितलं: घाई करणारा आवाज, कुणाला सांगू नका म्हणणं, आणि आपण दिलेले दोन आकडे. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीला धरून उठली, लंगडत दोरीपाशी गेली आणि गुरुवारसाठी धुतलेला फ्रॉक काढून घडी घालू लागली.