चालता तुकडा

मुलुंडच्या त्या कारखान्यात लाकूड छापतात. म्हणजे कागदावर लाकडाच्या रेषा छापतात, तो कागद राळेत भिजवून दाबतात, आणि मग मालाडच्या दोन खोल्यांमधला गृहस्थ कपाटावरून हात फिरवत पाहुण्यांना सांगतो की हे अक्रोड आहे. त्याला अक्रोड कुठे माहीत असतं म्हणा. पण मागच्या वर्षीच्या दाराशेजारी यंदाचं दार बसवलं आणि रंग जुळला नाही, की हाच गृहस्थ दुकान डोक्यावर घेतो. म्हणून रंग बघणारा माणूस लागतो.

सव्वीस वर्षं तो माणूस भीमराज होता. वाशिमहून आला तेव्हा कागदाची रिळं ढकलायचा. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन तपकिरींमधला फरक ह्याला चहा पिता पिता कळतो. तेव्हापासून रंगाचा शेवटचा शब्द त्याचा. उत्तरेच्या खिडकीपाशी तुकडा धरायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. कारखान्याचे मालक देवव्रतशेठसुद्धा त्यावर चकार शब्द काढायचे नाहीत. ज्याला आयुष्याची पहिली वीस वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं, त्याने असा मान जपला तर नवल नाही. भीमराजने जरा जास्तच जपला.

मार्चमध्ये यंत्र आलं. त्याच्याबरोबर बोरिवलीची गंधाली आली, यंत्र विकणाऱ्या कंपनीतली.

"ह्याला डोळा नाही, काका," ती म्हणाली. "लालच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा उजेड हे कागदावर टाकतं. शाई किती बसलीय, राळ किती, ओल किती, सगळं वाचतं. मग दाबल्यावर रंग असलपासून किती लांब जाईल, तो आकडा देतं. एकच्या आत आला तर कुणालाच फरक दिसत नाही. पण आधी शिकवावं लागतं. पास तुकडे द्या, नापास द्या, आणि असल द्या."

असल म्हणजे अक्रोडाचा पहिला मंजूर तुकडा. उजेडाने उडू नये म्हणून तो काळ्या पाकिटात, लोखंडी कपाटात. दसऱ्याला पाकिटावर हळदकुंकू आणि झेंडू वाहिला जाई. पाकीट नऊ वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. रोजच्या कामाला 'चालता तुकडा' असे. आज पास झालेल्या रिळातून एक तुकडा कापायचा, उद्याचं रीळ त्याच्याशी जुळवायचं, आणि जुळलं की त्यातून नवा चालता कापायचा. जुना फाईलमध्ये. सगळे असंच करत, कारण भीमराज असंच करत असे.

गंधालीने असल ठेवला, मग चालता ठेवला. आकडा आला साडेचार.

तिने काच पुसली. पुन्हा साडेचार. मग ती फाईल काढून एकेका वर्षाचा तुकडा ठेवत गेली. पहिल्या वर्षी असलपासून अर्धा, दुसऱ्या वर्षी एक, पुढे दीड. रोजचा फरक इतका बारीक की डोळ्याला दिसणार नाही, आणि दिसला नाही म्हणूनच भीमराजने तो रोज पास केला होता. डोळ्यांत तेल घालून तो नऊ वर्षं चुकत होता.

शेवटी नापासांचा गठ्ठा. त्यात तीन तुकडे, पाठीवर भीमराजचंच अक्षर: 'लाली कमी. नापास. नितेश.'

यंत्र म्हणालं, असलपासून पॉइंट तीन.

नितेश छपाईला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने जुन्या वहीतल्या मापाने शाई कालवली आणि महिन्यात त्याची तीन रिळं भंगारात गेली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला होता, "काका, एकदा असल काढा ना. बघून तरी घ्या." आणि भीमराज सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तू मला रंग शिकवणार?" नितेशची नोकरी गेली. मग गोवंडीला एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात कापणीच्या मशीनवर लागला आणि तिथे उजव्या हाताची चार बोटं गेली. भीमराज मोसंबी घेऊन भेटायला गेला होता. निघताना त्याच्या बायकोला, शकुला, म्हणाला होता, "लक्ष कमीच होतं गं त्याचं."

ते वाक्य आता त्याला आठवलं आणि स्वतःची किळस आली.

तो गंधालीला घेऊन शेठकडे गेला. शेठने शांतपणे ऐकलं.

"भीमराज, बाजारात सगळा माल चालत्याच्या रंगाचा आहे. उद्या असलवर गेलो तर वाट लागेल. आजपासून चालता तोच असल. यंत्राला तेच शिकवा."

म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं, हीच तर पंचाईत.

"आणि नितेशचे तुकडे?"

"नापासच आहेत ना? नापास म्हणून घाला. खाली तुझी सही लागेल."

यंत्राच्या नोंदीच्या कागदावर सहीच्या वर 'शेरा' म्हणून चार रिकाम्या ओळी होत्या. एकीत मावलं असतं: नितेशचा रंग बरोबर होता, चूक माझी. भीमराजने पेन टेकवलं. खाली छपाईची पोरं त्याला पाहून बिडी विझवायची, ते डोळ्यांपुढे आलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. त्याने ओळी कोऱ्या ठेवल्या आणि सही केली.

नव्या असलवर नितेशचा तुकडा ठेवला तेव्हा आकडा आला सव्वाचार आणि लाल दिवा लागला. गंधालीने मान वर केली नाही.

रविवारी भीमराज त्या तिघांतला एक तुकडा खिशात घालून गोवंडीला गेला. नितेशने तो डाव्या हाताने घेतला, दारातल्या उजेडात धरला, छपाईवाले धरतात तसा जरा तिरका.

"असल काढलात शेवटी."

"काढला. यंत्राने मोजला. पॉइंट तीन."

नितेशने तुकडा उलटून पाठीवरचं अक्षर वाचलं. शकु चहा घेऊन बाहेर आली होती.

"हिला सांगा," तो म्हणाला. "हिला तुम्हीच सांगितलं होतं ना, माझं लक्ष नसतं म्हणून."

"लक्ष होतं त्याचं," भीमराज म्हणाला. "रंग बरोबर होता. मीच चुकलो."

"कंपनीत लिहून दिलंत?"

भीमराजने सदऱ्याची बाही सारखी केली.

"काका, विचारतोय."

"सही केली."

"काय म्हणून?"

"नापास."

नितेशने तुकडा भीमराजच्या सदऱ्याच्या खिशात सरकवला. डाव्या हाताने नीट जाईना, तरी कोपरा दुमडू न देता सरकवला.

"मग हा तिकडचाच," तो म्हणाला. "घेऊन जा."

शकुने पुढे केलेला कप मागे घेतला आणि ती आत गेली.